पाखरू पडल्यानंतर

शिकारीच्या वाङ्मयाला कोणत्याच देशात तोटा नाही. राजांच्या मृगया, ससाण्यांचे खेळ, बंदुकांची करामत आणि नेमबाजांची कीर्ती यांची वर्णने कवींनी, भाटांनी व प्रवाशांनी यथेच्छ केली आहेत. परंतु ही वर्णने बहुधा एकाच ठिकाणी येऊन थांबतात. पाखरू भुईवर पडले, की लेखणी खाली ठेविली जाते. पुढे ते कोणी उचलले, कोठे टांगले, किती दिवस राखले, त्याला मीठ लावले की ते बर्फात पुरले, हा मुदपाकखान्याचा विषय समजून इतिहासकारांनी तो आचाऱ्यांवर सोपविला आहे. या उपेक्षेमुळे एक मोठी गोष्ट नजरेआड झाली. जिवंत पाखरे किती मारावयाची याचा निर्णय फार काळपर्यंत मेलेली पाखरे किती दिवस टिकतात यावर होत असे. आणि टिकविण्याची विद्या जसजशी वाढली, तसतसा त्या निर्णयावरचा हा लगाम सैल होत गेला. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी मांस शिजत नसेल आणि त्यांना हा विषय किंचित उग्र वाटेल. पण ज्या घरात आंबे मिठात मुरतात, सांडगे उन्हात पडतात आणि बरणीच्या तोंडाला दादरा बांधला जातो, त्या घराला या विद्येचे मर्म निराळे सांगावयास नको. मीठ, ऊन, वारा आणि झाकण हीच तिची मूळची साधने होत, आणि रानपक्ष्यांच्या बाबतीतही मनुष्याने प्रथम तीच वापरली.

इजिप्तमध्ये थीब्ज येथे नख्त नावाच्या एका गृहस्थाचे थडगे आहे. हा आमून देवाच्या मंदिरातील लेखक असून आकाशातील ताऱ्यांवरून वेळ मोजण्याचे कामही त्याच्याकडे असे. सुमारे ३४०० वर्षांपूर्वीच्या या थडग्याच्या भिंतीवर दलदलीतील पाखरे पकडण्याचे सुंदर चित्र आहे. एका बाजूस माणसे भरलेले जाळे ओढीत आहेत. जवळच दुसरे दोघे बसून पिसे उपटीत व पोटे साफ करीत आहेत. वर स्वच्छ केलेली पाखरे ओळीने टांगली आहेत आणि त्यांच्याखाली रांजण मांडून ठेविले आहेत. शिकारीनंतरची सर्व क्रिया अशी एकाच नजरेत दाखविणारे चित्र पुढील काळातही विरळाच सापडते. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात इजिप्शियन लोकांविषयी लिहिताना, लावे, बदके व लहान पाखरे ते लोक मिठात मुरवून न शिजविताच खातात, असे नमूद केले आहे. रांजणांचे प्रयोजन त्यावरून कळते.

याच प्रदेशाशी संबंध असलेली दुसरी कथा बायबलच्या जुन्या करारातील गणना नामक पुस्तकात येते. रानात भटकणाऱ्या इस्रायली लोकांवर समुद्राकडून आलेल्या लाव्यांचे थवेच्या थवे पडले. लोकांनी तो सारा दिवस, सारी रात्र आणि दुसरा दिवसही पाखरे गोळा केली व छावणीभोवती पसरून ठेविली. मांस दातांत असतानाच त्यांच्यावर मरीचा घाला आला. ग्रंथकाराने ते ईश्वरी कोपाचे फळ मानले आहे. आधुनिक वैद्यांस मात्र त्यात एका खऱ्या व्याधीची छाया दिसते. भूमध्य समुद्राच्या परिसरात स्थलांतराच्या दिवसांत लाव्यांच्या मांसाने कधीकधी विषबाधा होते आणि खाणाऱ्याचे स्नायू निकामी होतात, हे अनेकदा आढळून आले आहे. कारण कोणतेही असो, मिळेल तितके गोळा करण्याची हाव आणि त्यानंतरचा रोग यांची सांगड घालणारी ही पुरातन कथा ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडील वैद्यकाने या प्रश्नाकडे अधिक शांतपणे पाहिले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पक्ष्यांचे वर्ग पाडताना पायांनी उकरून टिपणारे ते विष्किर, व चोचीने टोचून खाणारे ते प्रतुद, असा भेद केला आहे. लावा व तित्तिर हे पहिल्या वर्गात येतात, पारवा दुसऱ्यात. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याच प्रकरणातील वर्ज्य मांसाचे वर्णन. सुकून गेलेले, दुर्गंधी सुटलेले, व्याधीने वा विषाने मेलेल्या प्राण्याचे, सर्पदंशाने मेलेल्याचे, विष माखलेल्या बाणाने विंधलेल्याचे, म्हाताऱ्या, कृश किंवा अगदी कोवळ्या जीवाचे मांस खाऊ नये, असे तेथे सांगितले आहे. पाखरू कसे मेले आणि मेल्यावर त्याचे काय झाले, हे दोन्ही प्रश्न येथे एकत्र विचारले गेले आहेत. त्यातील विषारी बाणाचा निषेध आज केवळ पुराणवस्तू वाटेल. पण बंदुकीचे छर्रे शेकडो वर्षे शिशाचे केले जात आले आहेत, शिसे हे विष आहे, आणि छर्रा मांसात शिरताना त्याचे डोळ्यांस न दिसणारे कण मागे राहतात. जखमेभोवतालचे मांस कापून टाकावे, असा सल्ला शिकाऱ्यांस आता देण्यात येतो. संयुक्त संस्थानांनी पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ साली देशभर बंद केले आणि युरोपीय संघाने पाणथळ जागी २०२३ साली. दिग्धविद्ध मांसाचा निषेध निराळ्या वाटेने पुन्हा आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता उत्तरेकडे वळू. कारण जेथे ऊनही नाही व मीठही दुर्मिळ, तेथे केवळ वाऱ्यावर ही विद्या कशी उभी राहिली हे पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस, हेब्रिडीज बेटांच्याही पलीकडे, अटलांटिक महासागरात सेंट किल्डा नावाचा बेटांचा एक पुंजका आहे. तेथे झाड म्हणून नाही. तेथील मूठभर वस्ती कित्येक शतके उभ्या कड्यांवरून दोराने खाली उतरून फुल्मार, गॅनेट व पफिन हे समुद्रपक्षी धरी आणि त्यांवर वर्षाचा निर्वाह करी. साठवणीसाठी त्यांनी दगडांच्या ठेंगण्या कोठ्या बांधल्या. त्यांस तेथील भाषेत क्लेट म्हणतात. भिंती चुन्यावाचून रचलेल्या, म्हणजे फटींतून वारा अखंड वाहावा. वर सपाट शिळा आणि त्यांवर गवताची ढेकळे, म्हणजे पाऊस आत येऊ नये. साफ केलेली पाखरे यात टांगली, की खारा वारा त्यांना वाळवून काढी. अशा हजाराहून अधिक कोठ्या तेथे आजही उभ्या आहेत. माणूस मात्र मूळच्या वस्तीतला एकही नाही, कारण शेवटची ३६ माणसे २९ ऑगस्ट १९३० रोजी स्वतःच्याच विनंतीवरून बेट सोडून गेली. कोठ्यांत मावेल व हिवाळ्यात संपेल, खंडापोटी धन्यास जितकी पिसे द्यावयाची तितकी मिळतील, एवढीच शिकार. आणि कड्यांवरची पाखरे शतकानुशतके परत येत राहिली. या लोकांना साधुसंत ठरविण्याचे मात्र कारण नाही. त्या बेटांवर १८४० च्या सुमारास सापडलेला मोठा ऑक नावाचा उडता न येणारा पक्षी वादळ आणणारी चेटकीण समजून त्यांनी ठेचून मारला; ब्रिटनमधला तो त्या जातीचा अखेरचा ठरला.

वारा मिळाला तर मांस वाळते. तो अगदी तोडला तर काय होते, याचा धडा ग्रीनलंडात मिळतो. तेथील इन्युइट लोक लहान ऑक पक्षी पिसांसकट सीलच्या कातड्याच्या पिशवीत शेकडोंनी भरतात, हवा दाबून काढून पिशवी शिवतात, सांध्यांना चरबी फासतात आणि ती दगडांच्या राशीखाली काही महिने आंबत ठेवितात. या पदार्थास किव्हियाक म्हणतात व तो मोठ्या प्रसंगी आवडीने खाल्ला जातो. प्रख्यात ध्रुवप्रवासी क्नूड रासमुसेन यास १९३३ च्या सफरीत हाच पदार्थ खाल्ल्यावर विषबाधा झाली. पुढे फुप्फुसाचा दाह होऊन त्याच वर्षी डिसेंबरात तो कोपनहेगन येथे वारला. सिओरापालुक या गावी २०१३ साली ऑकऐवजी ईडर बदके भरून हा पदार्थ केला गेला आणि तो खाऊन माणसे दगावली. हवा नसलेल्या जागी वाढून जालीम विष निर्माण करणारा बोट्युलिनम नावाचा जंतू त्यास कारण झाला. हा जंतू बेल्जियममधील वैद्य एमिल व्हान एर्मेंगेम यांनी १८९५ साली एका गावात खारविलेल्या डुकराच्या मांसाने झालेल्या विषबाधेचा तपास करताना शोधून काढला होता. तोपर्यंत कोणती पिशवी मेजवानी ठरेल व कोणती मृत्यू, हे केवळ परंपरेने आलेल्या हातोटीवर अवलंबून होते. पाखराची जात बदलली, तेवढ्यानेच ती हातोटी फसली.

युरोपच्या श्रीमंत घरांनी तिसराच मार्ग धरिला: पाखरू न सोलता, न चिरता, पिसांसकट थंड हवेत टांगून मुरविण्याचा. आपल्या नाकास ही कल्पना असह्य वाटेल. पण जिभेच्या त्या तत्त्ववेत्त्याला, म्हणजे ब्रिया-साव्हारँ यास, तिच्यात पाककलेचे रहस्य दिसले. पॅरिस येथे १८२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या रसनाशास्त्रावरील ग्रंथात त्याने असे प्रतिपादिले आहे, की फेझंट हा पक्षी मारल्यापासून तीन दिवसांत खाल्ला तर त्यात विशेष काहीच नाही. त्याच्या मांसाचे विघटन सुरू होण्याच्या बेतात आले, म्हणजेच त्यास खरा स्वाद चढतो, आणि तोपर्यंत त्याचे एक पीसही काढू नये. मांस असे मुरविण्याच्या क्रियेला फ्रेंच भाषेत मिळालेले नावच मुळी फेझंट या शब्दावरून आलेले आहे.

या चालीत नुसता विकृत षोक होता असे मात्र नाही. निरोगी पाखराच्या स्नायूंच्या आत जंतू जवळजवळ नसतात. ते असतात आतड्यांत. पोट न फाडता पाखरू थंडीत टांगले, तर आतडी बंद राहतात, आणि दरम्यान स्नायूंतील स्वतःचीच पाचकद्रव्ये तंतू सैल करून मांस मऊ करितात. मात्र सारा खेळ थंडीचा आहे. हवा १० अंशांच्या आसपास वा त्याखाली हवी, ती खेळती हवी, माश्यांस आत वाव नको, आणि ज्या पाखराच्या पोटातून छर्रे आरपार गेले आहेत ते टांगणाऱ्यांत येताच कामा नये. कारण त्याची घाण आतल्या आतच पसरलेली असते. सर्वांत मोठी चूक होते ती शिकारीच्या जागीच. नुकतीच मारलेली ऊबदार पाखरे पोत्यात कोंबली किंवा ढिगात टाकली, तर पिसांच्या रजईत ती ऊब कोंडून राहते व मधली पाखरे घरी पोचण्यापूर्वीच बिघडतात. म्हणून जाणते रखवालदार पाखरे जोडीजोडीने काठीवर अडकवून नेत. अलीकडील आरोग्यखात्यांचे नियम याहून कडक आहेत: पाखरू लवकर निववावे, शक्य तितक्या लवकर ४ अंशांखाली न्यावे, साफ करताना हातमोजे घालावे, आजारी दिसणाऱ्या वा आपोआप मेलेल्या पाखरास हातही लावू नये. पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाच्या साथी २०२१ पासून रानपक्ष्यांत मोठ्या प्रमाणावर पसरल्या, तेव्हापासून शेवटच्या नियमाचे महत्त्व फार वाढले आहे. व्याधीने मेलेल्याचे मांस वर्ज्य, हे वचन वाचकांनी वर पाहिलेच आहे. आपल्या दख्खनच्या उन्हात टांगून मुरविण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. सकाळी पडलेले तित्तिर तिन्हीसांजेपर्यंत नीट राहिले तरी पुष्कळ.

इंग्लंडच्या थंड हवेत मात्र या टांगणीसाठी खास इमारती उभ्या राहिल्या. मोठ्या वाड्याच्या आवारात, झाडांच्या सावलीत, सहा किंवा आठ कोनांची, झरोक्यांच्या भिंतींची एक टुमदार कोठी असे व आत लोखंडी आकड्यांच्या ओळी. नॉर्फोकमधील होल्कम हॉलची अष्टकोनी कोठी सॅम्युएल वायट या नामांकित स्थापत्यकाराने रचिली. मेलेल्या पाखरांसाठी इतका थाट का, याचे उत्तर कायद्यात आहे. १६७१ च्या कायद्याने वर्षास १०० पौंडांच्या मिळकतीची जमीन असल्याखेरीज शिकार करण्यास बंदी होती. १७५५ साली शिकारीचे पाखरू विकणे हेच सर्वांना मना झाले. तेव्हा ते ज्याच्या ताटात दिसेल त्याला एक तर ते जमीनदाराने भेट दिले असले पाहिजे, नाही तर ते चोरीचे असले पाहिजे. चोरीचाच व्यापार अधिक होता. रात्री पकडलेली पाखरे टपालाच्या घोडागाड्यांतून लंडनच्या कोंबडीवाल्यांकडे पोचत. थंडीत पाखरू आठवडाभर टिकते, म्हणूनच हे शक्य होई. १८३१ च्या कायद्याने परवाना घेऊन विक्री करण्यास मोकळीक दिली आणि प्रत्येक जातीचे मारण्याचे दिवस ठरविले. ग्राउझ पक्ष्यांसाठी १२ ऑगस्ट हा तेव्हा ठरलेला आरंभदिवस आजही तिकडे सणासारखा पाळतात.

विक्रीची वाट खुली झाली. मागाहून आगगाडी आली. आणि मागून भरावयाच्या बंदुका प्रचारात आल्यावर गोळीबाराचा वेग कैक पटींनी वाढला. या नव्या शिकारीतील एक अग्रेसर नाव आपल्या देशाचे आहे, ही मोठी खिन्न करणारी गोष्ट होय. रणजितसिंहाचा पुत्र दुलीपसिंह याने, पंजाबचे राज्य गमावून इंग्लंडात राहण्याचे नशिबी आल्यावर, १८६३ साली सफोकमधील एल्वेडन ही जहागीर घेतली आणि १८७६ साली एका दिवसात एकट्याने आठशेच्या घरात तित्तिर पाडले. राज्य गेलेल्या राजाला दुसरा कोणता पराक्रम उरला होता? पुढे १८ डिसेंबर १९१३ रोजी बकिंगहॅमशायरमधील हॉल बार्न येथे पंचम जॉर्ज बादशहा व त्यांच्या सोबत्यांनी एका दिवसात ३,९३७ फेझंट मारले. परतताना आज आपण जरा अतीच केले, अशा अर्थाचे उद्गार बादशहांनी युवराजांजवळ काढल्याचे नमूद आहे. आणि हीच रीत भारतात भरतपूरच्या जलाशयावर कळसास पोचली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी भरविलेल्या शिकारीत ४,२७३ पाणपक्षी पडले. तेथील दगडी फलकांवर तारीख, प्रसंग, पाहुणे व पाखरांची संख्या कोरलेली आहे. त्यांपैकी किती पाखरे कोणाच्या ताटात गेली, हे कोरण्याची आवश्यकता कोणास वाटली नाही. आपल्या येथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला परवान्याचा लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने तो षोक बंदच केला.

तथापि राजेरजवाड्यांचे हे आकडे, संतापजनक असले तरी, एका पक्षिजातीचा निर्वंश करण्यास पुरे पडले नाहीत. ते काम सामान्य गिऱ्हाइकाच्या पोटाने व बर्फाने केले.

थंडीने मांस टिकते हे ज्ञान जुनेच आहे. फ्रान्सिस बेकन १६२६ साली कोंबडीच्या पोटात बर्फ भरून पाहताना सर्दी होऊन मेला, अशी गोष्ट जॉन ऑब्रे याने लिहून ठेविली आहे. विद्वान तिजवर फारसा विश्वास ठेवीत नाहीत. बर्फाचा व्यापार मात्र एकोणिसाव्या शतकातला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने १८०६ साली गोठलेल्या तळ्यांतील बर्फ जहाजात भरून वेस्ट इंडीजला पाठविला तेव्हा लोक हसले. पण १८२५ च्या सुमारास नॅथॅनिएल वायेथ याने बर्फ कापण्याचा घोड्याचा नांगर काढला, सारख्या लाद्या निघू लागल्या, लाकडाच्या भुशात त्या महिनोन्महिने टिकू लागल्या आणि १८३३ साली ट्यूडरचा बर्फ चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्यास उतरला. पुढल्याच वर्षी तो मुंबईस आला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले, आणि गोदीजवळ बर्फखान्याची घुमटाकार इमारत उभी राहिली. मुंबईकरांना या बर्फाची मौज वाटली. परंतु ज्या देशातून तो येत होता त्या देशात तो दुसरेच काम करीत होता.

उत्तर अमेरिकेत त्या काळी प्रवासी पारवा नावाचा एक पक्षी होता. त्याची संख्या तीनशे ते पाचशे कोटी असावी असा आधुनिक अंदाज आहे. १८१३ साली केंटकीत लुइसव्हिलकडे जाताना चित्रकार ऑड्युबॉन याने या पारव्यांचा थवा माथ्यावरून जाताना पाहिला. ग्रहणासारखा अंधार पडला आणि थव्यांची रीघ तीन दिवस चालूच होती. अशा विपुलतेत पारवे मारणारे काही थोडे नव्हते. खेडुतांनी काठ्यांनी मारले, पिंपांत खारविले, डुकरांनाही चारले. तरीपण थवा ज्या रानात उतरे त्या रानाभोवती दोन दिवसांच्या वाटेवर जितकी तोंडे असतील तितकेच ते मांस खपे. बाकीचे जिवंतच राही, कारण मारून करावयाचे काय? पारव्याचे मांस उन्हाळ्याच्या तोंडावर एक दिवस धड राहत नाही. हाच त्या पक्ष्याचा खरा रक्षक होता.

या रक्षकाला तीन शोधांनी मिळून बाजूला सारिले. थवा कोठे उतरला हे तारायंत्र सांगे, पारधी तेथे आगगाडीने जात आणि पाखरे बर्फात भरून परत येत. न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो ही शहरे आता प्रत्येक थव्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आली. पारवे पकडणे हाच ज्यांचा बारमाही धंदा असे शेकडो लोक निर्माण झाले. डोळे शिवलेला एक जिवंत पारवा उंच बैठकीवर बांधून फडफडवावयाचा, त्याला पाहून थवा उतरला की जाळे टाकावयाचे, चिमट्याने डोकी चेपावयाची, आणि पिंपात पाखरांचा एक थर व बर्फाचा एक थर असे भरीत जावयाचे. एका पिंपात सुमारे तीनशे पाखरे मावत. गाडी चुकली किंवा हवा एकाएकी तापून बर्फ वितळला, तर पिंपेच्या पिंपे फेकून द्यावी लागत. पण पाखरू इतके स्वस्त होते, की या नासाडीची कोणी खंत करीत नसे.

मिशिगन संस्थानातील पेटॉस्की या गावी रेल्वे १८७३ साली पोचली. पाच वर्षांनी, १८७८ च्या वसंतात, गावाजवळच्या जंगलात पारव्यांची अखेरची मोठी वीण झाली. त्या वस्तीची लांबी चाळीस मैल होती असे पाहणाऱ्यांनी लिहिले आहे. पारध्यांनी थोरली पाखरे जाळ्यांत धरिली आणि घरट्यांतील चरबीने गोल झालेली पिले लांब काठ्यांनी खाली पाडिली. हा पक्षी एका विणीस एकच अंडे घालीत असे, हे येथे सांगितले पाहिजे. त्या हंगामात किती पाखरे गेली याविषयी तेव्हाच वाद झाला. पक्ष्यांचा कैवार घेणाऱ्यांचे आकडे अफाट आहेत. ते बाजूस ठेविले तरी, आक्षेपांना उत्तर देणाऱ्या एका व्यापाऱ्याचा स्वतःचा हिशेबदेखील दहा लाखांच्या वर जातो. जंगलतोड हेही या जातीच्या नाशाचे एक कारण होते, यात संशय नाही. पण झाडे तोडल्याने जी जात सावकाश आक्रसली असती, ती वीणच उधळली गेल्याने दोन-तीन दशकांत संपली. ओहायो संस्थानाच्या एका समितीने १८५७ साली या पारव्याला संरक्षणाची गरज नाही असा अहवाल दिला होता. मिशिगनने १८९७ साली दहा वर्षांची बंदी घातली, तेव्हा मारावयास पारवे उरलेच नव्हते.

त्या जातीची शेवटची मादी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात होती. तिचे नाव मार्था. १ सप्टेंबर १९१४ रोजी दुपारी ती मेली. शव बिघडू नये म्हणून संग्रहालयाच्या लोकांनी ते सुमारे ३०० पौंडांच्या बर्फाच्या लादीत गोठविले आणि आगगाडीने वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेकडे रवाना केले. तिच्या कोट्यवधी भाईबंदांनी याच रीतीने प्रवास केला होता.

अमेरिकन लोकांचे डोळे उघडले ते उशिरा. पण उघडल्यावर त्यांनी नेमके मर्मावर बोट ठेविले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. रानात बंदूक धरून उभ्या असलेल्या प्रत्येक माणसावर पहारा ठेवणे शक्य नव्हते. म्हणून कायद्याने पाखरू पडल्यानंतरचा मार्ग धरिला. कनेक्टिकट संस्थानात नियमाप्रमाणे मारलेली पाखरेदेखील संस्थानाबाहेर पाठविण्यासाठी जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविला होता. गीअर नावाच्या इसमाने त्याविरुद्ध दाद मागितली, परंतु १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरिला. हा निवाडा १९७९ साली रद्द झाला, पण तोवर त्याने आपले काम बजाविले होते. १९०० साली आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी यांनी आणिलेला कायदा संमत झाला. त्याने एका संस्थानात बेकायदा मारलेले पाखरू दुसऱ्यात नेण्यास मनाई केली आणि शिकारीच्या प्रत्येक पेटीवर आत काय आहे ते लिहिणे भाग पाडिले. न्यूयॉर्कच्या सिल्झ नामक व्यापाऱ्याने, माझ्याजवळची पाखरे परदेशातून आणिली आहेत, असा बचाव केला; तरी बंदीच्या महिन्यांत ती नुसती जवळ ठेवणे हाही अपराधच, असे १९०८ साली ठरले. शीतगृहात पडलेले पाखरू कोणत्या रानातले व कोणत्या महिन्यातले हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही, हे न्यायाधीशांनी नीट ओळखले होते. अखेर १९१८ च्या कायद्याने स्थलांतर करणाऱ्या रानपक्ष्यांचा बाजारच बंद केला. आज तेथे परवान्याने बदक मारता येते, विकता येत नाही.

घरोघर शीतपेट्या आल्यावर कायदा त्यांच्यापर्यंतही गेला. एका दिवशी किती पाखरे मारावी याची जशी मर्यादा आहे, तशी एकूण किती जवळ असावी याचीही आहे. ती सामान्यतः एका दिवसाच्या मर्यादेच्या तिप्पट असते आणि घरच्या शीतपेटीत गोठवून ठेविलेली पाखरेही तीत मोजली जातात. आधीची खाऊन संपल्यावाचून, किंवा रीतसर चिठ्ठी लिहून कोणास दिल्यावाचून, पुढची मारता येत नाहीत. शिवाय रानातून घरी नेताना पाखरू कितीही स्वच्छ केलेले असले, तरी त्याचे डोके किंवा पिसांसकट एक पंख अंगास राहू द्यावा लागतो, म्हणजे वाटेत अडविणाऱ्या अधिकाऱ्यास त्याची जात ओळखता यावी. या शेवटच्या नियमातून फक्त कवडे व पट्टेरी शेपटीचे पारवे यांना वगळले आहे.